कुंडीतली मिरची आणि घरातले विष

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एक आजी चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन धावतच दवाखान्यात आल्या. मुलाच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती, अंग घामाने चिंब झाले होते, घरी दोन उलट्या झाल्या होत्या. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "घरात कसले औषध मारले होते का?" असे विचारताच आजी म्हणाल्या, "गॅलरीतल्या मिरचीला बोकड्या आला म्हणून भावाच्या शेतावरून थोडे आणले होते हो डॉक्टर. बाटली खालीच राहिली." बाटली थंड पेयाची होती. ॲट्रोपिनचे इंजेक्शन देऊन मुलाला ताबडतोब अलिबागला पाठवले. वेळेत पोहोचला म्हणून वाचला.

अंगण गेले, गॅलरी आली. तरी दाराशी मिरचीचे रोप असावे ही हौस आपली सुटत नाही, आणि सुटूही नये. मात्र घरातल्या मिरचीला शेतातले विष कधीही लागत नाही, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे.

मिरचीला रोज सहा तास तरी ऊन हवे. आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर ते मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात रोप उंच, पिवळे आणि लुळे होते. त्याला रोग झालेला नसतो, उपासमार झालेली असते. बी सप्टेंबरअखेर पेरावे, चार-पाच आठवड्यांनी रोप दहा-बारा इंची कुंडीत लावावे. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि काथ्याचा भुसा सारख्या प्रमाणात घ्यावा. कुंडीला तळाशी भोके हवीतच. कुंडी ऊन येणाऱ्या खिडकीशी ठेवून आठवड्यातून एकदा फिरवावी.

सर्वात जास्त रोपे मरतात ती लाडाने. माझ्या दवाखान्याच्या खिडकीतली पहिली दोन रोपे अशीच गेली. सकाळी कंपाउंडर पाणी घालायचा, संध्याकाळी मी! बोट दोन पेरे मातीत घालावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. फुले येऊन गळत असतील तर ऊन कमी पडते किंवा पाणी जास्त होते, असे समजावे. घरात वारा नसल्याने सकाळी फुलांची फांदी हलकेच हलवावी, म्हणजे फळ धरते.

आता बोकड्या, म्हणजे पाने चुरगळणे. बहुधा पानांच्या मागे फुलकिडे किंवा डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळी असतात. पाने उलटी करून पाण्याच्या धारेने धुवावीत. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे थेंब घोटून संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूला फवारावे, आठवड्याने पुन्हा. एवढे करूनही शेंड्याची पाने आखडलेलीच राहिली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही, शेतातलेही नाही. रोप उपटून टाकावे. दोन-पाच रुपयांचे रोप आहे, जीव अडकवू नये.

शेतातली बरीच कीटकनाशके ऑरगॅनोफॉस्फेट गटातली असतात. आपल्या शरीरात मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोहोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य असते. हे विष नेमके त्यालाच निकामी करते. निरोप पुसलाच जात नाही. मग लाळ, घाम, जुलाब थांबत नाहीत, छातीत कफ दाटतो, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हे विष कातडीतूनही शिरते. यातली काही औषधे झाडाच्या रसात उतरतात. ती मिरची कितीही धुतली तरी विष निघत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या रानात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. आपली गॅलरी तर स्वयंपाकघराला लागून. २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण खाऊन २३ मुले गेली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेव्हा विष दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवणे हा निष्काळजीपणा नव्हे, अपराध आहे.

असा प्रसंग आलाच तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका, दूधही नको. रुग्णाचे कपडे काढून अंग साबणाने धुवा. धुताना स्वतःच्या हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा आणि बाटली, त्यावरचा कागद असेल तर त्यासह, डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. कुंडीखालच्या बशीत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि साधारण आठवडाभरात नवे डास उडू लागतात. दर रविवारी बशी ओतून, आतून घासून कोरडी करावी.