आरएक्स की बुलेट? एका जुन्या पैजेची हकिकत

खासबागेतील डॉक्टरमंडळींत एके काळी दोन पंथ होते. एक यामाहा आरएक्स १०० चा, दुसरा बुलेट ३५० चा. ‘पिकअप’ कुणाचा चांगला, हा वाद चहाच्या वेळी निघाला की दवाखान्यातले रुग्ण ताटकळत बसत. मी पहिल्या पंथातला. माझे एक ज्येष्ठ स्नेही दुसऱ्या.

कागदावर बुलेटच जिंकायला हवी. तिचे इंजिन ३४६ सीसीचे, शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती, वजन १६५ किलोच्या घरात. आरएक्सचे इंजिन ९८ सीसी, सुमारे ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. वर ६५ किलोचा डॉक्टर बसवला, तर आरएक्सच्या एका अश्वशक्तीच्या वाट्याला १५ किलो येतात, बुलेटच्या वाट्याला तेराहून कमी. तरीही बसवेश्वर सर्कलपासून सुटताना पहिल्या शंभरेक मीटरांत मीच पुढे असे.

कारण इंजिनाच्या शरीरक्रियेत आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. आरएक्सची कमाल शक्ती मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर मिळे, म्हणजे सेकंदाला १२५ स्फोट. बुलेटचे तिच्या शिखरावर जेमतेम ४७. शिवाय बुलेटचे फ्लायव्हील जड. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की निम्मा जोर आधी त्या चाकाची समजूत घालण्यातच जातो, असे आम्ही तिला चिडवत असू. आरएक्सचे फिरते भाग हलके. कॅम, पुशरॉड यांचा पसारा नाही. फेरे क्षणात चढत. एक नाडी द्रुत व हलकी, दुसरी मंद व भरदार.

निपाणीच्या अलीकडे तवंदी घाटात मात्र माझी मान खाली जाई. मागे कंपाउंडर, त्याच्या मांडीवर औषधांची पेटी. मी गिअर उतरवून आरएक्सला ओरडायला लावी आणि बुलेट कमी फेऱ्यांतल्या टॉर्कवर शांतपणे धडधडत निघून जाई.

पैज थांबली ती एका रविवारी, बाजाराच्या दिवशी. वडगावच्या एका विणकराचा एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्यापुढे आणला गेला. गाडी आरएक्सच होती, डोक्यावर हेल्मेट नव्हते. आम्ही दोघेही होतो. काही करता आले नाही. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर चौपट. आमच्या विणकर गल्ल्यांत १७ मीटर सलग मोकळा रस्ता कुठे आहे? आम्ही दोघांनी पिकअपचा हिशेब मांडला होता, थांबण्याचा कधीच नाही.

आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर टाकणाऱ्या टू-स्ट्रोकना पुढे प्रदूषणाच्या नियमांत जागा उरली नाही, आणि दम्याचे रुग्ण तपासणारा डॉक्टर म्हणून मला त्याचे वाईट वाटू नये, पण वाटते.

गेल्या वर्षी पुतण्याने एक जुनी आरएक्स दुरुस्त करून आणली. हेल्मेट आधी, किल्ली नंतर, एवढीच अट घालून मी पहिली फेरी स्वतः मारली. ज्येष्ठ स्नेही व्हरांड्यात बसले होते. गाडी दृष्टीस पडण्याआधीच त्यांनी हाक दिली, “डॉक्टर, कार्ब्युरेटर साफ करून घ्या!”