किड्याचा श्वास कोंडूया

हरभऱ्याची मळणी उरकत आली असेल, तूर तर कधीच घरात येऊन पडली असेल. म्हणून आज बोलायचं आहे ते हे धान्य वर्षभर किड्यापासून कसं राखायचं याबद्दल. तेही विषारी गोळी न टाकता.

आधी माझीच गोष्ट सांगते. एका वर्षी आम्ही दोन पोती तूर मागं ठेवली. वाटलं, भाव वाढला की विकू. श्रावणात पोतं सोडलं तर वर भुंगेऱ्यांचा थर आणि खाली पीठ. दाण्यादाण्याला भोक. व्यापाऱ्यानं मूठभर तूर हातावर घेतली, फुंकर मारली आणि निम्माच भाव सांगितला. घरची डाळ गेली, पुढचं बियाणंही गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गोळी टाकायची की!" पण ज्या खोलीत पोती, त्याच खोलीत सासूबाई आणि लेकरं झोपतात. माझा हात धजावला नाही.

बरं झालं, नाही धजावला. त्या गोळीत अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. किड्याला मारतो तसाच तो माणसालाही मारतो आणि त्याच्यावर उतारा नाही. ते काम शिकलेल्या माणसाचं, मोठ्या गोदामातलं. राहत्या घरात ती गोळी नकोच.

मग करायचं काय? त्यासाठी आधी किडा ओळखूया. हा भुंगेरा पुष्कळदा रानातूनच आपल्याबरोबर घरी येतो. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते. तुरीवर, मुगावर, चवळीवर बारीक पांढरे ठिपके दिसतात ना, तीच ती अंडी. अळी दाण्यात शिरते, आतलं खाते आणि साधारण महिन्याभरात भुंगेरा होऊन भोक पाडून बाहेर येते. एका मादीची ऐंशी अंडी धरा. सगळी जगली आणि त्यात निम्म्या माद्या निघाल्या, तर पुढच्या पिढीत झाले तीन हजारांवर भुंगेरे! म्हणून जानेवारीत स्वच्छ दिसणारी तूर पावसाळ्यात चाळणी झालेली असते.

पण या किड्यालाही आपल्यासारखी हवा लागते. हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग प्राणवायू असतो. पोतं पक्कं हवाबंद केलं, की आतले किडे श्वास घेऊन घेऊन तो संपवत आणतात. तो पाच भागांच्या खाली गेला की त्यांचं खाणं थांबतं. वाळलेल्या दाण्यात पाणी फारसं नसतं. किडा आपल्याला लागणारं पाणी खाल्लेल्या अन्नातून अंगातच तयार करतो, आणि त्यालाही प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की किडा आतल्या आत सुकून मरतो. थोडक्यात, त्याचा श्वास त्यानंच संपवायचा. आपण फक्त दार लावून घ्यायचं.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. जुन्या गावांत जमिनीखाली धान्याची पेवं असायची. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्ध आहेत. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. कंदील सोडून बघायचे. तो विझला तर आत प्राणवायू नाही असं समजायचं. न बघता उतरलेल्या माणसांचे जीव गेलेले आहेत. जी हवा माणसाला चालत नव्हती, तीच धान्याला राखत होती. पेवाचं वैरी एकच, पाणी. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांचं मोठं नुकसान झालं.

आता तेच पेव पिशवीत आलंय. आफ्रिकेत कॅमेरून देशात चवळीला असाच भुंगेरा लागायचा. तिथल्या शेतकऱ्यांसाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तीन पदरी पोतं तयार केलं: आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर साधी विणलेली गोणी. अशी हवाबंद पोती आता आपल्याकडेही मिळतात. साध्या गोणीपेक्षा महाग पडतात, पण फाटू दिली नाहीत तर दोन-तीन हंगाम चालतात.

आता कृती सांगते, लक्ष देऊन ऐका.

पहिलं, धान्य कडकडीत वाळवा. दाताखाली कट्कन फुटलं पाहिजे. आणखी एक परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं कोरडं मीठ आणि मूठभर धान्य घाला, हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे. नाही चिकटलं तरी आणखी एक ऊन द्याच. ओलं धान्य हवाबंद केलं तर आंबतं, वास मारतं, त्याला बुरशी धरते.

दुसरं, उन्हातलं गरम धान्य लगेच भरू नका, आत घाम सुटतो. सावलीत निवू द्या. खडे, काड्या काढून टाका. त्यांनी प्लॅस्टिकला भोक पडतं.

तिसरं, पिशवीत हवा भरून तोंड आवळा आणि दाबून बघा. हवा सुटली तर ती पिशवी बाद.

चौथं, आतली पिशवी दाबून-दाबून भरा. हवा काढा, तोंडाला पीळ द्या, ते दुमडा आणि सुतळीनं घट्ट बांधा. मग तशीच दुसरी पिशवी बांधा, शेवटी गोणी. पोतं लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा. उंदरांचा बंदोबस्त करा. उंदरानं कुरतडलं की सगळं मुसळ केरात.

पाचवं, निदान महिना-दीड महिना पोतं सोडू नका. "बघू तरी" म्हणून सोडलं की नवी हवा आत गेलीच. रोजची डाळ वेगळ्या डब्यात काढून ठेवा.

पोतं मिळालं नाही तर घट्ट झाकणाचा, रबर बसवलेला कोरडा ड्रम घ्या. बियाण्यासाठी प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालतात. पण काठोकाठ भरा. जितकी हवा कमी, तितका किडा लवकर मरेल. खताचा किंवा औषधाचा डबा मात्र कधीही नको.

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मग कांदाही असाच ठेवू का?" नाही हो! कांदा, बटाटा, भाजी यांच्यात पाणी असतं आणि त्या श्वास घेत असतात. त्यांना कोंडलं तर सडतील. कांद्याला वारं खेळणारी चाळच हवी. सफरचंदं थंड गोदामात प्राणवायू कमी करून महिनोन् महिने ठेवतात, पण तिथं हवेचं माप यंत्रावर सांभाळलेलं असतं. ते घरच्या पिशवीचं काम नाही.

आमच्या गटातल्या प्रत्येकीनं आता एकेक हवाबंद पोतं घेतलंय. गेल्या श्रावणात मी माझं सोडलं. वरच चार-दोन मेलेले भुंगेरे होते, खाली तूर जशीच्या तशी. त्या दिवशी विकायची की थांबायचं, हे मी ठरवलं, किड्यानं नाही.

तुम्हीही यंदा सगळं नको, एकच पोतं करून बघा. आणि गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सोडा. येते मैत्रिणींनो, नमस्कार.