घरातली वाट

पक्षाघाताच्या तडाख्यातून सावरलेला मनुष्य प्रथमच चार पावले चालला, की घरच्या मंडळींना अरिष्ट टळल्यासारखे वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अशा रुग्णांच्या शुश्रूषेत ज्यांनी वर्षे घालविली आहेत त्यांना ठाऊक असते, की पडण्याची खरी धास्ती याच सुमारास सुरू होते. अंथरुणावर असेतोवर त्याला चहूबाजूंनी आधार असतो. उभा राहताच तोल सांभाळण्याची सारी जबाबदारी त्याच्या दुखावलेल्या मेंदूवर येते, आणि ती त्याला पेलते की नाही याची परीक्षा बहुधा त्याच्या स्वतःच्याच घरात होते.

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरी शहरालगतच्या एका वाडीत, ज्यांच्या ‘अंगावरून वारं गेलं’ होते अशा एका निवृत्त गृहस्थांना चालावयास शिकविण्यासाठी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंचे काम जवळून पाहण्याचा योग मला आला. काकांची डावी बाजू दुर्बल झालेली, मुले मुंबईत, आणि घरात देखभालीला एकट्या काकू. बाईंनी आल्या आल्या चालावयास सांगितले नाही. प्रथम त्यांनी काकांना खुर्चीतून उठवले. “काका, डावा पाय मागे घ्या. दोन्ही टाचा टेकल्या का? आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ दे, आणि मग उठा.” काका उठले, पण सारा भार उजव्या पायावर टाकून, डावे पाऊल पुढे नुसते ठेवलेले राहिले. बाईंनी त्यांना पुन्हा बसवले, पुन्हा उठवले, आणि डाव्या पायाने आपल्या वाट्याचा भार उचलीपर्यंत हा क्रम न कंटाळता चालू ठेवला.

निरोगी मनुष्य पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या पायाची बोटे जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उंचीवरून पुढे जातात, आणि एवढ्याशा अवकाशासाठी खुबा, गुडघा व घोटा या तिन्ही सांध्यांना ठरल्या क्षणी वाकावे लागते. पक्षाघातानंतर पोटरी ताठरते, पाऊल वर उचलणारे स्नायू क्षीण होतात, गुडघा वेळेवर वाकत नाही, आणि मग भात कापताना विळा फिरावा तसा पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणण्याची सवय शरीर लावून घेते. पाऊल लोंबू नये म्हणून काकांच्या बुटात प्लास्टिकचा स्प्लिंट होता. तथापि ज्या पायावर विश्वास नाही त्यावर क्षणभरच टेकून दुसऱ्या पायाकडे धाव घेण्याची घाई स्प्लिंटने जात नाही, ती सरावानेच जाते.

फिजिओथेरपीच्या शास्त्रात तोलाच्याही रीतसर परीक्षा आहेत. खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाणे, वळणे, परत येणे आणि बसणे यास लागणारा वेळ मोजण्याची पद्धत १९९१ पासून रूढ आहे. कॅथरीन बर्ग यांनी कॅनडात सिद्ध केलेल्या तोलमापनात १४ कृती व एकूण ५६ गुण असतात. काकांची परीक्षा चालू असता मला दिसले ते असे, की सरळ रेषेत ते बरे चालत, मात्र वळताना त्यांची पावले अडखळत, एकमेकांच्या वाटेत येत. इतक्यात स्वयंपाकघरातून काकूंनी विचारले, “अहो, चहा आत्ता देऊ, की मागाहून?” आणि उत्तर देण्यासाठी काका जागच्या जागी थांबले. बाईंनी याचीही नोंद केली. बोलताना ज्याला चालणे थांबवावे लागते तो पुढे पडण्याचा संभव अधिक, हे स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धनिवासातील रहिवाशांच्या निरीक्षणावरून १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते; जे चालणे पूर्वी आपोआप घडे, त्यालाच आता सगळे लक्ष द्यावे लागते, आणि ते दुसरीकडे वळले की तोल उघडा पडतो.

यानंतर बाईंनी जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: त्यांनी घराची पाहणी केली. कोकणातल्या जुन्या घरात समपातळी फारशी नसतेच. अंगणातून पडवी एक-दोन पायऱ्या वर, पडवीतून ओटी आणखी वर, माजघराला उंबरठा, आणि न्हाणी मागच्या पडवीपलीकडे, ओल्या फरशीची. बाहेर जांभ्या दगडाची पाखाडी, आणि वर्षाकाठी ३००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात तिच्यावर शेवाळ धरणारच. इस्पितळाच्या सपाट, उजेडाच्या व्हरांड्यात कमावलेली चाल या घरात किती टिकेल, हे घर पाहिल्यावाचून कोणास कसे कळावे? न्हाणीपर्यंत उजव्या हाताला धरता येईल असा कठडा, रात्री जळता दिवा, पायपुसणी हलविणे, पाखाडीला पावसाळा संपेतोवर मनाई, अशी तजवीज त्यांनी काकूंना समजावून सांगितली. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या काही रुग्णांचे डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही; काकांचा डावा खांदा चौकटीला घासे, म्हणून प्रत्येक दारापाशी थांबून डावीकडे पाहण्याचा नियम घालून दिला. पायरी चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी, काठी नेहमी उजव्या हातात, हे काका मोठ्याने म्हणत म्हणत ओटीच्या पायरीवर गिरवीत होते.

काकू साहजिकच त्यांचा डावा हात धरून त्यांना सावरू पाहत. बाईंनी त्यांना आदराने थांबविले: दुर्बल हात ओढल्याने खांदा निखळू शकतो, आधार देणाराने दुर्बल बाजूस, किंचित मागे उभे राहून कमरेचा पट्टा धरावा. दुर्बल बाजूचे हाड कमी वापराने विरळ होते, पडणे बहुधा त्याच बाजूला होते, आणि त्या बाजूचा हात टेकावयास येत नाही. खुब्याचे हाड मोडण्याचे भय यामुळेच. म्हणून मायेपोटी पुष्कळ कुटुंबे रुग्णाला उठूच देत नाहीत, आणि बसून राहिल्याने स्नायू अधिक क्षीण होऊन जे टाळावयाचे तेच जवळ येते. बाईंनी याच्या उलट केले; सतरंजीवर काकांना बसवून, उजव्या कुशीवर वळून, गुडघ्यावर येऊन, खुर्चीचा आधार घेत उठण्याचे शिक्षण दिले, कारण पडल्यावर उठता येते हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या चालण्यात धीर येतो.

हे काम पाहिल्यावर माझ्या मनात एक मागणी पक्की झाली. रुग्णाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदात रक्तदाब असतो, औषधे असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. परंतु तो कोणत्या घरी जाणार याचा तपशील मी त्यात पाहिलेला नाही. उंबरठा किती उंच, न्हाणी किती दूर, रात्री उजेड आहे की नाही, आणि हाकेला कोण आहे, हे चार प्रश्न विचारण्यास यंत्र लागत नाही. त्यांची उत्तरे त्या कागदावर रुजू झाली पाहिजेत, आणि निदान एकदा तरी कोणा जाणकाराने त्या घरात जाऊन रुग्णाबरोबर ती वाट चालून पाहिली पाहिजे.