‘ब्रेकवरच पाय होता, डॉक्टर’

गेल्या मार्चमध्ये दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्षबागाईतदार कपाळावरचे टाके काढून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात आले. वय ७१. सोबत पत्नी आणि मुलगा. मुलाने वर्षभरापूर्वीच ऑटोमॅटिक गिअरची पिकअप घेतली होती. आबा ती शेडसमोर हळूहळू पुढे घेत असताना गाडी एकाएकी उसळली आणि रिकाम्या क्रेटच्या थप्प्या उडवत भिंतीवर जाऊन आदळली. त्या थप्प्यांजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी क्षणभरापूर्वीच चहाचे कप घेऊन आत वळल्या होत्या.

‘‘ब्रेकवरच पाय होता, डॉक्टर,’’ आबा म्हणाले, ‘‘जसजसा दाबला, तसतशी जास्तच पळाली.’’ कंपनीच्या माणसांनी गाडी तपासली होती व तीत दोष आढळला नव्हता. त्यामुळे मुलाचा निवाडा झालेलाच होता : आबांचा पाय चुकला आणि आता ते गाडीवर ढकलत आहेत. आबा तेवढ्याच त्वेषाने म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं जीप हाकली, ट्रॅक्टर हाकला. ब्रेक कुठला ते मला कळत नाही?’’ काकू दोघांकडे पाहत गप्प बसून होत्या.

वाचकहो, आपल्या घरात असा प्रसंग घडला तर ज्येष्ठांना खोटे ठरवण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे. आबांचे ते वाक्य जगातील कित्येक चालकांनी जवळजवळ त्याच शब्दांत उच्चारलेले आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकेत ‘ऑडी ५०००’ या मोटारीविषयी अशा तक्रारींचा पूर आला. उभी गाडी गिअर टाकताच सुसाट सुटते, असे लोक सांगत. तेथील वाहन-सुरक्षा यंत्रणेचा अहवाल १९८९ साली आला. बहुतेक घटनांत चालकाचा पाय नकळत ॲक्सिलरेटरवर पडलेला असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रेक दाबल्याखेरीज गिअर ‘पार्क’मधून हलू नये ही सोय त्याच सुमारास ऑटोमॅटिक गाड्यांत येऊ लागली.

म्हणजे दोष नेहमी माणसाचाच, असे मात्र समजू नये. टोयोटाच्या ‘टाकोमा’ या पिकअपच्या अनेक मालकांनी गाडी आपोआप वेग घेते अशी तक्रार केली होती. सरकारी यंत्रणेने २००८ साली दोष आढळत नाही म्हणून ते प्रकरण मिटवले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस मोटारीत चार जणांचा अंत झाला. दुसऱ्याच मॉडेलचे जाड रबरी मॅट पायाखाली घातलेले होते आणि ॲक्सिलरेटर त्यात अडकून बसला होता. त्यानंतर मॅटच्या कारणावरून लक्षावधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि त्या यादीत टाकोमा व ‘टुंड्रा’ हे दोन्ही पिकअप होते. दाबलेले पेडल चिकटून राहते म्हणून २०१०च्या जानेवारीत आणखी काही गाड्या बोलावल्या गेल्या, त्यांतही टुंड्रा होताच. ‘नासा’च्या अभियंत्यांना २०११ साली इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही. उलट २०१३ साली ओक्लाहोमातील एका ज्यूरीने अशाच एका अपघातात कंपनीला जबाबदार धरले. अलीकडे, एप्रिल २०२४ मध्ये, टेस्लाने ३,८७८ ‘सायबरट्रक’ पिकअप परत बोलावले. पेडलवरचा पत्रा निसटून आतल्या कडेत अडकत असे आणि पाय काढला तरी पेडल दाबलेलेच राहत असे.

तेव्हा गाडी तपासावीच. परंतु माझा विषय गाडी नव्हे. ज्या पायाखाली ते पेडल असते, तो पाय माझ्याकडे येतो.

आपण ब्रेक दाबतो तेव्हा खाली वाकून पाहत नाही. मेंदू ‘ब्रेक’ असा आदेश देतो. पाय अंदाजाने जातो. आणि तो कोठे टेकला याची खबर तळव्याची त्वचा, घोटा व पायाची बोटे परत पाठवतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी १९८९ साली या प्रकाराची जी मीमांसा केली ती मला फार पटते. निवड बरोबर असते, चालकाला ब्रेकच दाबायचा असतो. पण पायाच्या प्रवासात इंच-दोन इंचांची चूक होते. आदेश ब्रेकचा दिलेला असल्यामुळे मेंदू ब्रेकच दाबला आहे असे धरून चालतो. गाडी उसळली की घाबरून तोच पाय अधिक जोराने दाबला जातो. दाबावे तशी पळावी, हा अनुभव म्हणून खराच असतो. १ जुलै २०२४ रोजी दक्षिण कोरियातील सोल शहरात एका ६८ वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली नऊ जण मृत्युमुखी पडले. ब्रेक लागला नाही, असे तो सांगत राहिला. तपासात त्याच्या उजव्या बुटाच्या तळाशी ॲक्सिलरेटरच्या पेडलचा ठसा आढळला.

आता ती परत येणारी खबरच क्षीण झाली असेल तर? दीर्घकाळच्या मधुमेहात तळव्यांच्या नसा बोटांच्या टोकांपासून वर बधिर होत जातात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव होऊ शकते आणि तिनेही पाय कोठे आहे याची जाणीव मंदावते. हे इतके हळूहळू घडते की रुग्ण तक्रार करत नाही. फार तर ‘चप्पल पायातून कधी निसटली कळलं नाही’ असे हसत सांगतो. मी हे वाक्य आता हसण्यावारी नेत नाही.

आबांना मधुमेह होऊन सोळा वर्षे झालेली. टाके काढल्यावर मी त्यांना झोपवले, १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि विचारले, ‘‘काही जाणवतं?’’ नाही. घोट्यावर? नाही. नडगीवर थोडे. मग डोळे मिटायला सांगून अंगठा वर-खाली केला आणि दिशा विचारली. दहापैकी चार वेळा त्यांनी चुकीची सांगितली. मुलगा पायथ्याशी उभा राहून पाहत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. माझाही बदलला असावा.

कारण चौदा महिन्यांपूर्वी आबांच्या लायसन्सच्या नूतनीकरणासाठी ‘फॉर्म १-ए’वर सही मीच केली होती. वयाची चाळिशी उलटल्यावर हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यात दृष्टी, रंग ओळखणे, ऐकणे, हातापायांतील व्यंग असे प्रश्न असतात. आबांचे डोळे मी नीट तपासले होते, रक्तदाब पाहिला होता. हातपाय धडधाकट दिसत होते, म्हणून तिथे खूण करून मोकळा झालो. मोजे काढायला सांगितले नाही. ती तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती मी केली नाही, हे मी त्या दिवशी तिघांनाही सांगितले. आबा म्हणाले, ‘‘तुम्ही तरी काय करणार, रांग होती बाहेर.’’ रांग होती हे खरे. पण ती सबब होत नाही.

दुसरी गोष्ट सवयीची. क्लचच्या गाडीत घाबरलेला डावा पाय आपोआप क्लच दाबतो आणि इंजिनाचे बळ चाकांपासून तुटते. चुकीच्या पेडलचे फळ तेथे निम्म्याने टळते. ऑटोमॅटिकमध्ये तो राखणदार नाही. आबांचा निम्मा जन्म तर ट्रॅक्टरवर, हाताच्या थ्रॉटलने गती ठेवण्यात गेलेला; तेथे उजव्या पायाखाली ब्रेकच. गुडघे दुखतात, आता गिअर-क्लचची दगदग नको, म्हणून मुले प्रेमाने ऑटोमॅटिक गाडी घेऊन देतात. भेट चांगलीच आहे, मात्र सत्तरीत ती देताना मोकळ्या मैदानात पंधरा-वीस दिवसांचा सराव करून घ्यावा. उजवाच पाय वापरावा, टाच ब्रेकच्या रेषेत टेकलेली असावी. मान आखडलेला माणूस मागे पाहण्यासाठी अख्खे धड वळवतो आणि टाच जागची हलते, म्हणून गाडी मागे घेताना विशेष जपावे.

औषधांकडेही पाहा. बधिर पायांच्या आगीसाठी आम्हीच देतो ते प्रिगाबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलीन गुंगी आणते. सर्दीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या याही तशाच. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबवले तर साखर उतरून हातपाय व बुद्धी दोन्ही गडबडतात. उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय गाडीला हात लावू नये.

गाडीत पायाखाली एकच मॅट असावे, तेही कंपनीचे आणि आकड्यात अडकवलेले. आपल्याकडे मूळ मॅट मळू नये म्हणून वर दुसरे रबरी घालतात. ते आजच काढा. पाण्याची बाटली पायाशी ठेवू नका. सैल चप्पल घालून गाडी चालवू नका.

आणि गाडी खरोखरच सुटली तर? पहिली गोष्ट अंगवळणी पडायला कठीण आहे : पाय पेडलवरून पूर्ण उचला. पाय चुकला असेल तर गाडीचा जोर तत्काळ ओसरेल. मग ब्रेक चाचपून एकदाच घट्ट दाबून धरा. पंपासारखा पुन्हा पुन्हा दाबू नका, त्याने ब्रेकची मदतशक्ती संपते. त्याच वेळी गिअर ‘एन’वर टाका. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. कडेला थांबल्यावर ते बंद करा. धावत्या गाडीची किल्ली काढू नका, सुकाणू अडकू शकते. शेजारी बसणाऱ्यांनीही ‘एन’ कोठे आहे हे शिकून ठेवावे.

जपानमध्ये या प्रश्नाची झळ मोठी आहे. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोतील इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीने एक तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी यांचा बळी घेतला. तोही गाडीच बिघडली होती असे म्हणत राहिला. न्यायालयाने ते मानले नाही आणि २०२१ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१९ या एका वर्षात तेथे सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केले. परत करणाऱ्याला त्याच्या वाहनचालनाच्या कारकिर्दीचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि ते ओळखपत्र म्हणूनही चालते. मला ही रीत आवडते. आपल्याकडे बहुधा किल्ली लपवली जाते आणि घरात अबोला सुरू होतो.

आबांच्या घरी किल्ली लपवावी लागली नाही. दवाखान्यातून निघताना मुलगा म्हणाला, ‘‘आबा, मी जास्त बोललो.’’ आबा काही बोलले नाहीत; पिकअपची किल्ली मात्र त्यांनी स्वतःच सूनबाईच्या हातात दिली असे नंतर कळले. लायसन्स अजून पाकिटात आहे आणि ते परत करण्याचा आग्रह मी धरलेला नाही. बी-१२ फार कमी निघाले, इंजेक्शने सुरू केली, साखरही आता बरी आहे. अपघाताच्या दिवशी पिकअपमध्ये एकावर एक दोन मॅट होते आणि आबांच्या पायात सैल चपला होत्या, हे चौकशीत निघाले. तेव्हा नेमके कशाने घडले हे मी सांगू शकत नाही.

दर महिन्याला ते येतात, खुर्चीवर बसताच मोजे उतरवतात आणि फोर्क लावण्याआधीच डोळे मिटून घेतात. गेल्या खेपेस उजव्या घोट्यावर ‘‘वाजतोय’’ म्हणाले. अंगठ्यावर अजून नाही.