वीजमीटर हाही तराजूच
घरी धंदा करणाऱ्या कारागिरांनी बिलाचा हिशेब कसा ठेवावा?

दुकानदार माल घेताना काटा पाहतो, शिंपी कापड घेताना मीटर मोजतो, सोनार गुंज-गुंज तोलतो. मापात मारणाऱ्यांना इशारा देणारी एक संपूर्ण सूरह, अल-मुतफ्फिफीन, कुरआनात आहे, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण दाराबाहेर रात्रंदिवस चालणाऱ्या एका काट्याकडे आपण वर्षानुवर्षे पाहत नाही. तो काटा म्हणजे विजेचा मीटर. बिल येते, घरात दोन दिवस कुरकुर होते, पैसे भरले जातात आणि विषय संपतो.

पूर्वी हे चालून जात असे, कारण घरात चार दिवे आणि दोन पंखे असत. आज मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किंवा पुण्यातील कोंढवा येथील कितीतरी फ्लॅटमध्ये आंघोळीचे पाणी, स्वयंपाक, शिलाई मशीन आणि इस्त्री हे सारे एकाच मीटरवर चालते. अशा घरात बिल हा केवळ घरखर्च राहत नाही, तो धंद्याचा खर्च होतो. हिशेब चुकला तर केवळ बरकत जाते असे नाही, कायद्याची अडचणही उभी राहते. म्हणून हा विषय आम्ही आज व्यापार पानावर घेतला आहे.

युनिट म्हणजे काय?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होते. उपकरणावर लिहिलेले वॅट गुणिले तास, भागिले हजार, एवढेच गणित. 9 वॅटचा एलईडी दिवा एक युनिट खायला 111 तास घेतो, तर 2000 वॅटचा गीझर तेच अर्ध्या तासात खातो. म्हणून घरात दिवा राहिला की मुलांना ओरडायचे आणि इस्त्री तापत ठेवायची, हा उलटा व्यवहार आहे. इसराफ दोन्हीकडे वाईटच, पण खिसा रिकामा होतो तो उष्णतेपायी. जे उपकरण तापवते ते खाते. जे उजळते ते फारसे खात नाही.

पाण्याचाच हिशेब पाहा. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. गीझर महागडा घ्या की साधा, एवढी वीज लागणारच. बचत होते ती पाणी कमी तापवण्यात आणि आंघोळी पाठोपाठ उरकण्यात.

एका घराचा महिना

आता एक घर समोर ठेवू. माणसे पाच, स्वयंपाक इंडक्शनवर, आणि एका खोलीत कपडे शिवण्याचे काम, महिन्यात 26 दिवस.

तीन पंखे, प्रत्येकी 75 वॅट, रोज 12 तास : 81 युनिट.
दिवे, मिक्सर, मोबाईल : 15 युनिट.
फ्रिज, रोज सुमारे एक युनिट : 30 युनिट.
गीझर, पाच जणांना रोज 15 लिटर गरम पाणी : 78 युनिट.
इंडक्शन, सरासरी 1500 वॅट, रोज दीड तास : 67 युनिट.
शिलाई मशीनची जुनी क्लच मोटर, 250 वॅट, 8 तास : 52 युनिट.
इस्त्री, 1000 वॅट, 4 तास (आपोआप बंद-चालू होत असल्याने निम्मा वेळ धरला) : 52 युनिट.

बेरीज झाली 375 युनिट. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा प्रश्न त्याच्याभोवती आहे.

टप्पे आणि शेवटचे युनिट

महावितरणच्या घरगुती दरात 1 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की तुम्ही वाचवलेले प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यातले असते. वरच्या घराने 75 युनिट वाचवले तर ती 75 तिसऱ्या टप्प्यातून जातात.

गॅस की इंडक्शन, हा प्रश्नही असाच सोडवावा. 14.2 किलोच्या एका सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो, तेवढ्याला इंडक्शनवर सुमारे 140 युनिट लागतात. आपल्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क मिळवा, 140 ने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहा. 100 युनिटांच्या आत राहणाऱ्या घराचे उत्तर वेगळे येईल, 400 युनिटवाल्याचे वेगळे.

घरात धंदा आणि 300 युनिटांची रेघ

आता मुख्य मुद्दा. घरगुती जोडणीवर मशीन चालवली तर गुन्हा होतो का, ही भीती घरी शिवणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या आमच्या अनेक बंधू-भगिनींच्या मनात असते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणच्या 2020 च्या दर आदेशात याचे स्पष्ट उत्तर दिले. राहत्या घराच्या काही भागात धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण 3600 युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू राहतो. दर आदेश बदलत असतात, तेव्हा चालू आदेशातील शब्द पाहूनच चालावे. मुंबईतील ग्राहकांनी आपल्या कंपनीचा आदेश पाहावा.

आपले उदाहरणातील घर वर्षाला 4500 युनिटांवर जाते. म्हणजे रेघेच्या बाहेर. गंमत अशी की धंद्याचा वापर त्यात फक्त 104 युनिटांचा आहे. रेघ ओलांडायला लावली ती पंखे, गीझर आणि चुलीने!

यातून वाट निघते. क्लच मोटर सुई थांबली तरी फिरतच राहते; सर्व्हो मोटर शिवतानाच वीज घेते. ती बसवली तर 52 ची जागा सुमारे 20 युनिट घेतील. 75 वॅटच्या पंख्यांऐवजी 30 वॅटचे बीएलडीसी पंखे लावले तर 81 चे 32 होतात. बेरीज 294 वर येते, वर्षाची 3528. इस्त्री दर कपड्यामागे न तापवता दिवसाचे काम एकदम उरकले तर आणखी थोडी सवड मिळते.

ज्यांचे काम खरेच वाढले आहे, त्यांनी मात्र रेघेशी खेळू नये. योग्य वर्गाची जोडणी अर्ज करून घ्यावी. शिवणकामाचे दुकान वाणिज्य वर्गात मोडते, यंत्रमागाला वेगळा वर्ग आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरल्यास लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि गैरवापर केव्हा सुरू झाला ते ठरवता आले नाही तर मागील 12 महिन्यांची धरली जाते. वर्षभराचा नफा एका कागदात जातो. आकडा टाकणे किंवा मीटरशी छेडछाड करणे ही तर कलम 135 खाली चोरी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायद्याच्या आधीही एक हिशेब आहे: ज्या रोजीत चोरीची वीज मिसळली, ती हलाल कशी राहील?

काटा खरा आहे का?

तराजू आपल्या विरुद्ध झुकत असेल तर तेही पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. घरातील सर्व उपकरणे बंद करा. मीटरवरील दिवा तरीही लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा दुसरे कोणी तुमच्या लाईनवर आहे. माहीतगार वायरमनला दाखवा. मग फक्त 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. मीटरवर 3200 इम्पल्स असे लिहिले असेल, तर सहा मिनिटांत सुमारे 32 वेळा लुकलुकले पाहिजे. फारच फरक दिसला तर मीटर तपासणीचा अर्ज द्यावा.

बिल हाती आले की मागील रीडिंग, चालू रीडिंग, दिवस आणि मंजूर भार एवढे तरी वाचावे. रीडिंग मीटरशी जुळत नसेल तर लेखी तक्रार करून पोच घ्यावी. आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल अशी पायरी आहे. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूरला आहेत. बिलाबद्दल वाद असताना मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांतील कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर कलम 56 नुसार पुरवठा तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी थकबाकी बिलात सतत दाखवलेली नसेल, तर तिची वसुलीही होत नाही.

आमची सूचना साधी आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फजरनंतर मीटरचे रीडिंग धंद्याच्या वहीत लिहावे, कापड आणि दोऱ्याच्या खर्चाशेजारी. दोन मिनिटांचे काम आहे. वर्षअखेरीस 3600 ची रेघ कोठे आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल, कंपनीच्या माणसाने सांगण्याची वाट पाहावी लागणार नाही.