भेसळीने उकललेले कोडे

शुद्धतेचा आग्रह हा प्रयोगशाळेचा प्राण मानला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु पेशीचे आवरण कसे रचले जाते, या कोड्याची किल्ली मात्र एका भेसळीत सापडली.

हे आवरण मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध द्रव्यांचे असते. त्यांतील प्रमुख लेसिथिन. डायग्लिसराइडाला फॉस्फोकोलीनची जोड मिळाली की ते तयार होते. कागदावर सोपी दिसणारी ही जोडणी ऊर्जा खर्ची पडल्यावाचून होत नाही. युजीन केनेडी आणि सॅम्युएल वाइस हे शिकागोत तिचा शोध घेत असता एक विचित्र गोष्ट घडली. अशुद्ध एटीपी वापरले की लेसिथिन बने; स्फटिकशुद्ध वापरले की प्रयोग फसे. दुसरा कोणी अशुद्ध नमुना मोरीत ओतून मोकळा झाला असता. यांनी विचारले : या मळात आहे तरी काय? उत्तर निघाले सीटीपी. 1956 साली हा मार्ग प्रसिद्ध झाला.

फॉस्फोकोलीन सीटीपीशी संयोग पावून सीडीपी-कोलीन हा सक्रिय मध्यस्थ बनतो. सुटलेल्या पायरोफॉस्फेटचे विघटन होऊन माघारीची वाट बंद होते. मग मध्यस्थ आपला भार डायग्लिसराइडाच्या स्वाधीन करतो. अनेक जीवाणूंत याच्या उलट, स्निग्ध अंशच सीडीपीवर आरूढ होतो. तत्त्व एकच : दाम आधी, काम नंतर.

याचा उपयोग काय? फुप्फुसातील वायुकोश मिटू न देणाऱ्या द्रव्यात लेसिथिनचाच वाटा मोठा असतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा श्वास त्याच्या अभावी कोंडतो, हे मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी 1959 मध्ये दाखविले. प्रसूतीपूर्वी मातेला स्टिरॉइड दिल्यास हा धोका घटतो, हे लिगिन्स व हॉवी यांनी 1972 मध्ये सिद्ध केले. हा उपचार केनेडींच्या शोधातून थेट निघाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण ते जीवरक्षक द्रव्य पेशीत कसे घडते, हे त्याच शोधाने कळते.

म्हणून अनुदान मागणाऱ्या संशोधकाला पहिलाच प्रश्न ‘उपयोग काय?’ असा टाकणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. फसलेल्या प्रयोगाची चौकशी करण्याइतकी सवड ज्या समाजाला परवडत नाही, त्याला यशस्वी प्रयोगांची फळेही उसनीच आणावी लागतात.