फेसवॉशच्या पाठीवरची नारळाची बाग

फेसवॉशची ट्यूब समोरून फार गोड बोलते. दवबिंदू, गुलाब, हिरवीगार पानं, तजेलदार त्वचा! खरं बोलते ती तिची पाठ. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी असते आणि बहुतेक घरांत ती कुणीही न वाचता ट्यूब संपते. मला मात्र ती वाचायचं वेडच आहे. हात ओले, दिवा मिणमिणता, तरी मी ट्यूब डोळ्यांजवळ नेऊन वाचते. कारण त्या यादीत स्वयंपाकघर आहे, रक्ततपासणीची लॅब आहे, स्वीडनमधला एक औषधवाला आहे आणि कोबीवरचा एक रोगसुद्धा आहे.

आधी क्रमाचं गुपित. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. म्हणून सुरुवात जवळजवळ नेहमी ‘अ‍ॅक्वा’ने होते, म्हणजे साधं पाणी. एक टक्क्यापर्यंत हा उतरता क्रम पाळतात, त्याखालचे घटक कसेही लिहिले तरी चालतात. आता यादीत ‘फिनॉक्सीइथेनॉल’ शोधा. हे टिकवण्यासाठी घालतात आणि 1 टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. समोर मोठ्या अक्षरांत मिरवणारं केशर किंवा कोरफड या नावानंतर आली असेल, तर ती किती चिमूटभर आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

सगळीकडे नारळ

‘कोकामिडोप्रोपिल बीटेन’, ‘सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट’, ‘कोको ग्लुकोसाइड’. नावं वाचून धडकी भरते, पण त्यातलं ‘कोको’ म्हणजे आपला नारळ. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि त्यातूनच चेहरा धुणाऱ्या रेणूंचं हे सगळं गोत निघतं. (हेच रेणू ताडवर्गातल्या पामच्या बियांच्या गरापासूनही बनवतात.) कोको ग्लुकोसाइडमध्ये नारळाच्या स्निग्ध भागाला साखर जोडलेली असते. रसायनशास्त्रातली नारळाची वडीच ती!

या रेणूंचं एक टोक पाण्याशी सलगी करतं, दुसरं तेलाशी. तेलाकडची टोकं चेहऱ्यावरच्या तेलकट मळात रुततात, पाण्याकडची बाहेर राहतात आणि ओंजळभर पाण्याबरोबर सगळा पुंजका वाहून जातो. एवढंच काम. फेसाचा त्यात हातभार जवळजवळ नाही. फेस म्हणजे पाण्यात अडकलेली हवा. भरपूर फेस म्हणजे भरपूर सफाई, हा आपला समज मनापासून सोडायला हवा, कारण त्याच हट्टापायी आपण चेहऱ्याला न सोसणारी उत्पादनं उचलतो.

फेसाचा राजा ‘सोडियम लॉरिल सल्फेट’. त्वचेचे अभ्यासक मुद्दाम त्वचा चुरचुरायला हवी असते तेव्हा हेच लावतात, इतकं ते खात्रीचं! टूथपेस्टमध्येही ते असतं. दात घासल्यावर लगेच संत्र्याचा रस प्यायलात तर तो कडू लागतो, त्यात याचाच हात. ते जिभेला गोडाची चव कळू देत नाही. ‘लॉरेथ’ असं किंचित बदललेलं नाव दिसलं तर तो त्याचा सौम्य भाऊ. पण सौम्य म्हणजे सगळ्यांना चालेल असं नाही. वरच्या कोकामिडोप्रोपिल बीटेनला अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने 2004 साली ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ म्हणून निवडलं होतं.

मीठ घातलं की दाट

यादीत ‘सोडियम क्लोराइड’ दिसलं की चेहऱ्यासाठी मीठ कशाला, असा प्रश्न पडतो. ते चेहऱ्यासाठी नाहीच. पाण्यासारख्या पातळ द्रावणात चिमूट चिमूट मीठ पडलं की धुणाऱ्या रेणूंचे गोल पुंजके लांबट होतात, शेवयांसारखे एकमेकांत गुंततात आणि सगळं दाट होतं. मीठ जास्त झालं की पुन्हा पातळ. दाट फेसवॉश म्हणजे भारी फेसवॉश असं समजून आपण जो जास्तीचा भाव मोजतो, त्यातला थोडा या मिठाचा.

दाटपणा आणणारा दुसरा घटक ‘झँथन गम’. कोबीची पानं काळी पाडणारा एक जिवाणू आहे, झँथोमोनास. त्याला साखर खायला घातली की तो हा चिकट डिंक बनवतो. अमेरिकेतल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स या रसायनतज्ज्ञ बाईंच्या संशोधनातून तो जगापुढे आला. आज सॉसपासून आइस्क्रीमपर्यंत तोच आहे.

आणि ‘डायसोडियम ईडीटीए’? रक्त तपासायला देता तेव्हा जांभळ्या टोपणाची नळी पाहिलीत ना? तिच्यात ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. फेसवॉशमध्येही त्याचं काम धातू पकडण्याचंच. ज्यांच्या घरी बोअरचं जड पाणी येतं, जिथे साबण चोळून चोळून हात दुखतात पण फेस येत नाही, त्यांना कॅल्शियमचा त्रास वेगळा सांगायला नको.

एकाच दुकानातले तिघे

ग्लिसरीन, लॅक्टिक आम्ल, सायट्रिक आम्ल. हे तिघं तुमच्या ट्यूबवर बऱ्याचदा एकत्र सापडतील आणि तिघांचा शोध लावणारा माणूस एकच: कार्ल विल्हेल्म शेले. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये औषधांच्या दुकानात राबणारा हा माणूस. आंबलेल्या दुधातून त्याने लॅक्टिक आम्ल काढलं, लिंबाच्या रसातून सायट्रिक आणि ऑलिव्हचं तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवून गोडसर ग्लिसरीन. 1780 च्या आगेमागे, मोजक्या वर्षांत. 1786 मध्ये अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. मला तर ट्यूबवर ही तीन नावं ओळीने दिसली की त्याला नमस्कार करावासा वाटतो.

सायट्रिक आम्ल कशाला? आपली त्वचा किंचित आंबट असते, सामू साधारण 4.5 ते 5.5. जर्मनीत 1928 साली शाडे आणि मार्किओनिनी यांनी तिला ‘आम्लाचं आवरण’ म्हटलं. साबणाचा सामू 9-10, म्हणून तो लावला की चेहरा ताणल्यासारखा होतो. फेसवॉशमधलं सायट्रिक आम्ल सामू खाली आणतं. पण कृपा करून यावरून लिंबाची फोड चेहऱ्यावर घासू नका! लिंबाचा रस याहून कितीतरी तीव्र असतो आणि तो लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात.

वाळुंज आणि रिठा

मुरुमांच्या फेसवॉशमधल्या ‘सॅलिसिलिक’चं नाव लॅटिन ‘सॅलिक्स’ म्हणजे विलोच्या झाडावरून आलं. आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज त्याच कुळातला. हे आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रांत शिरू शकतं.

झाडांचा विषय निघालाच आहे तर आपला रिठा कसा विसरू? त्याचं शास्त्रीय नाव सॅपिंडस, म्हणजे ‘भारताचा साबण’. दागिने धुवायचे तर रिठा, पैठणी धुवायची तरी रिठाच. दोन रिठे फोडून रात्रभर भिजवा, सकाळी पाणी दोन बोटांनी घुसळा, वाटी फेसाने भरते. तो फेस सॅपोनिनचा. हरभरे शिजताना कुकरच्या शिटीतून येणाऱ्या फेसातही सॅपोनिन असतं, आणि दिवाळीच्या अभ्यंगानंतर डाळीच्या पिठाने अंगावरचं तेल निघतं त्याला थोडा हातभार याचाही असावा. मात्र रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलेलं पोर कसं किंचाळतं, तेही आठवा. झाडावरचं म्हणून सौम्य आणि कारखान्यातलं म्हणून जहाल, ही वाटणी मला अजिबात पटत नाही.

यादीच्या शेवटी शेवटी येतो ‘परफ्यूम’. एका शब्दाआड डझनावारी सुगंधी द्रव्यं लपू शकतात. त्वचा चिडकी असेल तर हा शब्द नसलेली ट्यूब घ्या. कधी कधी त्यातली काही नावं सुटी लिहिलेली असतात: लिमोनीन, जिरॅनिऑल, लिनालूल. माझ्या ट्यूबवर समोर लॅव्हेंडरचे जांभळे तुरे आहेत आणि पाठीवर लिनालूल. मी मसाल्याच्या डब्यातले चार धणे तळहातावर चुरडले आणि ट्यूबशेजारी धरून हुंगले. धण्याच्या तेलात मुख्य तेच असतं.